नुसतं ‘धीर धर’ म्हणून भागत नाही!

होस्टेलवर कोणी आजारी पडून ॲडमिट झालं की पहिल्या दिवशी काय होतं, ते आपल्याला चांगलं माहीत आहे. गाडीवर ट्रिपल सीट बसून अख्खी विंग दवाखान्यात हजर! शहाळी, बिस्किटांचे पुडे, कॉटभोवती गर्दी आणि शेवटी सिस्टरांचा ओरडा. टायफॉइड किंवा डेंग्यू असेल तर हे खपून जातं, कारण गडी आठवड्याभरात परत मेसच्या रांगेत दिसतो. पण आजार ब्लड कॅन्सरसारखा असला तर? पहिल्या आठवड्यात तीस जण, दुसऱ्यात पाच आणि चौथ्या आठवड्यात कॉटशेजारी एकटी आई. आणि खरी गरज नेमकी तेव्हाच असते.

लांबचा दवाखाना हा एकट्या पेशंटच्या हिमतीवर निभावत नाही. तो आळीपाळीने निभावतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲक्यूट ल्युकेमियाच्या केमोथेरपीचा पहिला टप्पाच साधारण महिनाभराचा असतो. औषधं आजारी पेशींबरोबर चांगल्या पेशीही मारतात. पांढऱ्या पेशी घसरल्या की आपली साधी सर्दीसुद्धा पेशंटच्या जिवावर बेतू शकते. म्हणजे नाक गळत असताना भेटायला जाणं ही माया नव्हे, धोका आहे. घरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी कितीही प्रेमाने नेली तरी आधी डॉक्टरांना विचारा.

प्लेटलेट्सचं बघा. रक्तातल्या लाल पेशी थंड जागी महिनाभराहून जास्त टिकतात, पण प्लेटलेट्स 20 ते 24 अंश सेल्सिअसला, सतत हलवत ठेवूनसुद्धा साधारण 5 दिवसच टिकतात. म्हणजे सोमवारी उत्साहाने वीस जणांनी प्लेटलेट्स दिल्या, तर पुढच्या सोमवारी त्यांचा उपयोग शून्य! मेकॅनिकलवाल्यांना ‘जस्ट इन टाइम’ परीक्षेपुरतं पाठ असतं. इथे ते खरोखर लागतं. मशीनवर फक्त प्लेटलेट्स काढून घेतात आणि बाकीचं रक्त परत शरीरात सोडतात. तासा-दीड तासाचं काम. नियमाप्रमाणे 48 तासांनी तोच दाता पुन्हा देऊ शकतो, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षात 24 वेळा. वय 18 च्या पुढे, वजन आणि हिमोग्लोबिन ठीक असलं की झालं. तेव्हा एकदम धावू नका, तारखा वाटून घ्या.

आता आईचं. तिची रात्र कॉटखाली चटईवर जाते. आंघोळ कुठे, जेवण कुठे, झेरॉक्स कुठे, सगळं अनोळखी. महात्मा फुले जनआरोग्य योजना 2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या 8 जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं. योजनेत बसणाऱ्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. पण रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन त्याच्यापर्यंत जायला दोन मोकळे पाय लागतात. ते आपले असू शकतात.

अंतराचाही विचार करा. रेडिएशनला टेबलावर काही मिनिटंच लागतात, पण बऱ्याच वेळा आठवड्यातून 5 दिवस, असे पाच-सहा आठवडे जावं लागतं. मुंबईला टाटाला गेलं की राहायचं कुठे, हाच मोठा प्रश्न. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा पेशंटांना आणि नातेवाइकांना आसरा देते. गाडगेबाबांनी पंढरपुरात वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधली, तीच दृष्टी इथेही आहे: माणूस लांबून आला की आधी त्याला टेकायला जागा हवी. आपल्या जिल्ह्याचं नशीब असं की बार्शीला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, 1981 साली कॅन्सरनेच गेलेल्या नर्गिस दत्त यांच्या नावाचं. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 साली तिथेच सुरू झाली. बार्शी सत्तर किलोमीटरवर आहे. सकाळच्या एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. ‘लांब पडतं’ ही सबब तिथे चालणार नाही.

आणि पेशंटशी बोलायचं काय? ‘तू फायटर आहेस’ हे त्याने दिवसातून दहा वेळा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा मेसची भाजी कशी होती, एक्स्टर्नलने व्हायव्हात कोणाची विकेट काढली, ते सांगा. काकांच्या गावच्या जडीबुटीचा पत्ता मात्र सांगू नका. डॉक्टरांचा राउंड चार मिनिटांत संपतो, म्हणून त्याच्या मनातले प्रश्न आदल्या रात्री वहीत लिहून द्या. बोलायचा मूड नसेल तर गप्प बसा. नुसतं बसणं हेही काम आहे.

कोणी म्हणेल, आम्हाला सबमिशन आहे, वेळ कुठे? साधं गणित करा. 40 जणांच्या विंगमध्ये रोज एकाने दोन तास दिले, तर एकाची पाळी 40 दिवसांनी येते. एवढा वेळ तर आपण चहाच्या टपरीवर एका दिवसात घालवतो.

सर आणि मॅडमनाही एक विनंती. आजारी विद्यार्थ्याच्या हजेरीचा, टर्मचा, परीक्षेचा अर्ज कोणी करायचा, हे त्याच्या वडिलांनी खिडक्या-खिडक्यांवर विचारत फिरायला नको. डिपार्टमेंटने एक शिक्षक नेमून द्यावा. वर्ष गेलं तर गेलं, पण ‘कॉलेजने आपल्याला यादीतून काढलं नाही’ एवढं त्या पोराला कळलं पाहिजे.

रेक्टर सरांनी ऑफिसबाहेरच्या बोर्डावर एक कागद लावावा: नाव, रूम नंबर, रक्तगट, कोणत्या दिवशी मोकळा. कोणी आजारी पडायची वाट न बघता, आजच. पहिल्या ओळीत माझं नाव लिहायला मी तयार आहे.