रोप निवडताना आपल्या गावची थंडी बघा

हिवाळा आला की ट्यूलिपचे कंद आणि सफरचंदाची कलमं घ्यायचा मोह अनेकांना होतो. पण ट्यूलिपला नीट फुलायला १२ ते १६ आठवडे कडक थंडी लागते आणि मुंबईत जानेवारीतही किमान तापमान सरासरी १६-१७ अंशांच्या आसपास असतं. कंद फ्रीजमध्ये ठेवून फुलवता येतो हे खरं. पण तो एकदाच फुलतो, पुढच्या वर्षी पुन्हा नवा कंद विकत आणावा लागतो. याला बागकाम कसं म्हणायचं? उलट निफाडला पारा कधी कधी ५ अंशांखाली उतरतो आणि कोवळ्या केळीची पानं करपतात. म्हणजे महाराष्ट्राचा हिवाळा असा एकच नाही.

कमी थंडीत फळणारी सफरचंदाची ‘अ‍ॅना’सारखी जात आहे, असं कुणी म्हणेल. आहेच, पण तिलाही थोडी थंडी हवीच. मग अशी थंडीची झाडं टाळली तर बाग एकसुरी होईल का? मुळीच नाही. शेवंतीला बोचरी थंडी लागत नाही, लांब रात्र लागते. दिवस लहान झाले की ती कळ्या धरते, अगदी कोकणातसुद्धा. झेंडू आहे, अबोली आहे. रोपवाटिकेत एवढंच विचारावं: मागच्या जानेवारीत हे रोप इथेच, उघड्यावर होतं का?