सर्वशक्तिमान नायकाची पंचाईत

जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ साली अमेरिकेतील ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. तेव्हा त्याला उडता येत नसे. तो केवळ प्रचंड उड्या मारी. पत्नीला मारहाण करणारा नवरा, मजुरांच्या जिवाची पर्वा नसलेला खाणमालक, असे त्याचे शत्रू असत. पुढे लेखकांनी त्याचे सामर्थ्य इतके वाढवले, की तो ग्रहसुद्धा ढकलू लागला. मग मात्र लेखकच अडचणीत आले. ज्याचा पराभव संभवतच नाही, त्याच्या कथेत वाचकाचा जीव गुंतावा कसा?

यावरचा सोपा तोडगा म्हणजे क्रिप्टोनाइट. १९४३ मध्ये रेडिओमालिकेतून आणि १९४९ मध्ये चित्रकथेत आलेल्या या खनिजाने नायक दुर्बळ होतो. पण त्याचे मन उलगडत नाही. खडा दूर केला, की कथा संपली!

ॲलन मूर यांची १९८५ सालची कथा याहून कितीतरी सखोल आहे. तीत वाढदिवशी एक परकी वनस्पती सुपरमॅनला चिकटते आणि त्याच्या अंतरीची इच्छा स्वप्नात पुरी करते. नष्ट झालेली जन्मभूमी तिथे शाबूत आहे. तो साधा संसारी गृहस्थ आहे. त्याला एक लहान मुलगाही आहे. ग्रह ढकलणाऱ्या बाहूंचा इथे काहीच उपयोग नाही. सुटका हवी असेल, तर त्या मुलाला जवळ घेऊन ‘तू खरा नाहीस’ असे त्यालाच सांगावे लागते.