नरसी ते घुमान : यात्रा आणि मुक्काम

हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना पूज्य आहे. पंजाबी भाविकांनाही ते तितकेच पूज्य आहे. नांदेडच्या गुरुद्वाराला आलेले शीख यात्रेकरू नरसीलाही येतात, माथा टेकतात आणि परततात. या येण्याजाण्याने श्रद्धा दृढ होते. परस्परांची ओळख वाढतेच असे नाही.

नामदेवांची रीत निराळी होती. परंपरेनुसार उत्तरायुष्यातील सुमारे दोन दशके ते पंजाबात, आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे राहिले. तेथील जनांना उमजेल अशा भाषेत त्यांनी पदे रचली. त्यांपैकी ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. परक्या मुलखाने असे आपलेसे करावे, यामागे दीर्घ सहवास होता.

एप्रिल २०१५ मध्ये घुमानला डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तो योग मोठाच होता. पण तो तीन दिवसांचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'एक भारत श्रेष्ठ भारत' या योजनेची घोषणा झाली. पुढे तीत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आणि पंजाबची आंध्र प्रदेशाशी लावण्यात आली. ओडिशाशी स्नेह जुळावा हे इष्टच; तथापि सातशे वर्षांचा तयार धागा हाती न घेणे ही चूक होय.

विद्यार्थ्यांनी परप्रांतीय कुटुंबात राहावे, ही कल्पना नवी नाही. ईशान्येतील विद्यार्थ्यांना अन्य राज्यांतील घरांत पाहुणे म्हणून उतरविण्याचा उपक्रम १९६६ पासून चालत आला आहे. धर्मशाळेत उतरणारा गाव पाहतो. घरात उतरणारा माणसांचे राग-लोभ, कर्जाची चिंता आणि स्वयंपाकघरातले नियमही पाहतो. यजमानाचीही परीक्षा होतेच. शेगावहून पंढरपूरला निघालेल्या गजानन महाराजांच्या पालखीचे स्वागत हा जिल्हा दरवर्षी मनोभावे करतो. परंतु वारकरी हा आपल्याच वाटेचा पाहुणा. ज्याची भाषा कळत नाही, आहार व आचार भिन्न आहेत, त्याला ताट वाढणे अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक मोलाचे.

हिंगोलीतील महाविद्यालयांनी दरवर्षी दहा विद्यार्थी महिनाभर घुमानच्या कुटुंबांत पाठवावेत व तितकेच पंजाबी विद्यार्थी नरसी-औंढ्याच्या घरांत ठेवून घ्यावेत. खर्च एखाद्या समारंभाच्या मंडपाहून अधिक होऊ नये. नामदेवांचे स्मारक उभारणे सोपे आहे. त्यांच्यासारखे परक्या दारी राहणे आणि परक्याला आपल्या दारी ठेवणे, हेच खरे कठीण काम आहे.