रीलमधला धबधबा एवढा शांत का दिसतो?

पावसाळा सुरू झाला की इन्स्टाग्रामवर रत्नागिरी जिल्ह्याच्या रील्सचा पूर येतो. चिपळूणजवळचा सवतसडा, मार्लेश्वरचा धबधबा, सड्यावरचं धुकं. पाणी दुधासारखं, झाडी पाचूसारखी, सगळं परीकथेतलं. खाली कुणीतरी विचारतंच, "हे एआय आहे का?" तसं असेलच असं नाही. साधा फोन आणि एडिटिंगचं अ‍ॅप असलं तरी हे जमतं.

हे करतात कसं?

पहिली गोष्ट वेग. सेकंदाला 120 फ्रेम टिपायच्या आणि 30 च्या वेगाने दाखवायच्या, की पाणी चौपट संथ पडतं. 240 ने टिपलं तर आठपट.

दुसरी गोष्ट शटर. लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे एक प्रकारची काळी काच, लावली की आत येणारा उजेड कमी होतो आणि शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. मग थेंब वेगळे दिसत नाहीत, पाण्याचा रेशमी पडदा होतो.

तिसरी गोष्ट रंग. कलर ग्रेडिंगमध्ये पिवळा-तांबडा भाग उचलून निळसर-हिरव्याकडे ढकलला, सावल्या थोड्या फिकट केल्या, की धुकं आपोआप दाटल्यासारखं वाटतं. शेवटी मूळ आवाज काढून बासरी टाकायची. झालं काम!

मग बिघडलं कुठे?

आता हेच उलटीकडून बघा. ओढ्याला ओढ किती आहे, हे आपल्याला वेगावरून कळतं. वर डोंगरात जोराचा पाऊस झालाय, हे पाणी अचानक तांबडं-गढूळ झालं की कळतं. लोंढा येतोय, हे आवाजावरून कळतं. म्हणजे स्वप्नवत वातावरणासाठी आपण नेमक्या धोक्याच्या खुणाच पुसतो. गावातला माणूस फसत नाही, त्याने ते पाणी पाहिलेलं असतं. पुण्या-मुंबईहून पहिल्यांदा येणारा मात्र रीलमधलं पाणी मनात धरून कातळावर उतरतो.

सिनेमातही हेच तंत्र असतं. 2018 चा 'तुंबाड' आठवा. तुंबाड हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं. राही अनिल बर्वे यांनी चित्रीकरणासाठी अनेक पावसाळे घालवले आणि पंकज कुमार यांच्या छायाचित्रणाला फिल्मफेअर मिळालं. तो कोंदट, न थांबणारा पाऊस भीती घालतो, पण आपण तिकीट काढून गोष्ट बघायला बसलोय हे आपल्याला ठाऊक असतं. रीलवर मात्र लोकेशनची पिन असते. ती सांगते, "हे असंच आहे, या."

नियम काय म्हणतो?

केंद्र सरकारने फेब्रुवारी 2026 मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती करून एआयने बनवलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या मजकुरावर लेबल सक्तीचं केलं. पण रंग सुधारणं, आवाजातली खरखर काढणं अशा नेहमीच्या, सद्हेतूने केलेल्या एडिटिंगला त्यातून वगळलंय, मूळ अर्थ बदलत नसेल तर. ही सूट योग्यच आहे, नाहीतर लग्नाच्या व्हिडिओवरही लेबल लावावं लागेल. पण चौपट संथ केलेल्या धबधब्याचा अर्थ बदलला की नाही? सौंदर्य म्हणून नाही. "इथे उतरता येईल का" या प्रश्नाचं उत्तर म्हणून मात्र नक्कीच बदलला.

हे सरकारी लेबलने सुटणारं नाही. रील बनवणाऱ्यानेच कॅप्शनमध्ये एक ओळ लिहावी: कधी शूट केलं, किती संथ केलं, रंग बदलले का. शेवटी तीन सेकंद मूळ आवाजासह मूळ क्लिप जोडली तर उत्तमच. रीलची जादू त्याने कमी होत नाही.

आणि बघणाऱ्यांनी? रीलमध्ये फक्त संगीत ऐकू येत असेल, तर पाण्याचा आवाज आपण ऐकलेलाच नाही, एवढं लक्षात ठेवावं. तिथे पोहोचल्यावर आधी तो आवाज ऐकावा, गावातल्या माणसाला विचारावं, मगच चपला काढाव्यात.