हमी की मेहरबानी?

मानवतच्या तहसील कचेरीपुढे निवेदन घेऊन उभा राहणारा भूमिहीन मजूर शासनाकडे नेमके काय मागतो, याचा विचार पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आता नव्याने केला पाहिजे. निवेदनाचा मजकूर बहुधा कार्यकर्त्यानेच लिहिलेला असतो आणि त्याचा शेवट ठरलेला असतो : तरी शासनाने कामासाठी निधी उपलब्ध करून द्यावा, ही नम्र विनंती. मराठवाड्याच्या बोलीत निजामी अमदानीतील 'अर्जी' आणि 'दरखास्त' हे शब्द अजून जिवंत आहेत. आमच्या निवेदनांतून ती दरबारी वृत्तीही पुरती गेलेली नाही. वस्तुतः ज्या राज्यात काम मागणे हा कायद्याने मान्य केलेला हक्क होता, त्या राज्यातला मजूर विनंती का करतो, हा प्रश्न आज केवळ शब्दांचा राहिलेला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याने उभी पिके नेली आणि नदीकाठच्या शिवारांतली मातीही नेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीच्या कामांतून हेक्टरी ३ लाख रुपये, अशी त्यात तरतूद होती. शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे, त्याविषयी दुमत असू शकत नाही. परंतु ज्या मदतीचे माप हेक्टर हे आहे, ती मदत ज्याच्यापाशी एक गुंठाही नाही त्याच्या घरी कशी पोहोचावी? कापूस बोंडातच कुजला तेव्हा मालकाचे पीक बुडाले, हे सर्वांना दिसले. त्याच वेळी वेचणीला जाणाऱ्या बायांची दोन-अडीच महिन्यांची मजुरी बुडाली, तिचा पंचनामा करणारा तलाठी अजून जन्माला यायचा आहे. अशा माणसांसाठी सार्वजनिक कामे हीच खरी नुकसानभरपाई असते.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २०२५ मध्ये, संसदेने महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. नाव लांबलचक आहे : विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण). दिवस शंभरांचे सव्वाशे झाले, याचा डांगोरा मोठा पिटला गेला. त्याखाली काय दडले आहे ते मात्र नीट वाचले पाहिजे. २००५ च्या कायद्यात अकुशल मजुरीचा सर्व खर्च आणि साहित्याचा तीन-चतुर्थांश खर्च केंद्राकडे होता. जेवढे मजूर काम मागतील तेवढा पैसा द्यावयाचा, हे त्याचे सूत्र होते. नव्या कायद्यात महाराष्ट्रासारख्या राज्याने ४० टक्के भार उचलावयाचा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक राज्याचे वार्षिक वाटप केंद्र आधी ठरवणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने आपल्या हिमतीवर करावयाचा. म्हणजे आधी पैसा ठरणार, मग त्यात बसतील तेवढे मजूर. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही यातला फरक कळेल. पहिल्या पद्धतीत मागणी हा आरंभबिंदू असतो. दुसऱ्या पद्धतीत मागणीला वाट पाहत रांगेत उभे राहावे लागते, आणि जेथे रांग असते तेथे विनंती आली, वशिला आला, पुढाऱ्याची चिठ्ठी आली.

हे सारे महाराष्ट्राला नवे नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जामागून अर्ज धाडले आणि मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती कामेच सोडून दिली. पुढे फॅमिन कोड आले. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्यांनी 'केसरी'तून रयतेला सांगितले की, त्या कोडात जे लिहिले आहे ते तुमच्या हक्काचे आहे, ते मागून घ्या. आजचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. येथल्या रयतेला तो उपदेश लागू नव्हता. पण अर्ज आणि हक्क यांतला भेद त्या काळच्या पुढाऱ्यांनाही कळत होता, एवढे ध्यानी घ्यावे.

स्वातंत्र्यानंतरची कसोटी १९७२ ची. खडी फोडण्याची, पाझर तलावांची, नाला बांधांची कामे निघाली, सुकडी वाटली गेली आणि मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. मानवतचे नाव त्या वर्षांत साऱ्या देशाला ठाऊक झाले ते निराळ्याच कारणाने. पुरलेल्या धनाच्या लोभापायी १९७२ ते १९७४ या काळात येथे बाया आणि लहान मुलींचे जे खून पडले, त्यांनी वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले. जमिनीखालच्या हंड्याची कथा चवीने वाचली गेली. त्याच जमिनीवर हातोडा घेऊन बसलेल्या बायांच्या फोडांविषयी त्या मानाने फारसे कोणी लिहिले नाही. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले, त्याच्यामागे याच वर्षांची धग होती.

रोजगार हमीची कल्पना मात्र दुष्काळाआधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात १९६५ पासून तिचा प्रयोग करून पाहिला होता. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात ग्रामीण गरिबांना सार्वजनिक कामांवर हमखास रोजगार देण्याचा मार्ग मांडला. १९७२ मध्ये योजना आली. १९७७ चा कायदा विधिमंडळाने एकमताने संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कायद्याचे मर्म तीन गोष्टींत होते. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम. काम न दिल्यास बेकारी भत्ता, मग तो दिवसाला १ रुपया का असेना. आणि या सर्वांसाठी स्वतंत्र पैसा. १९७५ च्या व्यवसाय कराचा, विक्रीकर व मोटार वाहन करावरील अधिभाराचा आणि बागायती जमिनीवरील आकारणीचा पैसा हमीच्या निधीत जावयाचा आणि तेवढीच भर राज्य शासनाने घालावयाची. मुंबईचा पगारदार आणि पश्चिम महाराष्ट्राचा बागायतदार यांच्याकडून घेऊन कोरडवाहू मुलखातल्या मजुराला देणारी अशी रचना भारतात पूर्वी झाली नव्हती. समाजवाद्यांनी आणि डाव्यांनी मोर्चे काढले, घेराव घातले, त्याचेही हे फळ होते. ते आयते हाती आलेले नाही.

१९७९-८० मध्ये या योजनेत २० कोटींहून अधिक मनुष्यदिवस काम झाले. नंतर काय घडले, ते कार्यकर्त्यांनी विसरू नये. १९८८ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर हमीच्या कामावरील मजुरी किमान वेतनाइतकी झाली, म्हणजे जवळपास दुप्पट झाली. मजुराचा हा विजय होता. परंतु पुढच्या काळात रोजगाराचे दिवस झपाट्याने घटले. मजुरांना काम नकोसे झाले म्हणून ते घटले नाहीत. कामेच निघेनाशी झाली. कायद्याला हात न लावता हमी मोडता येते, हे नोकरशाहीला त्या वेळी कळले. नवे काम काढायला ५० मजूर हवेत, आज ४५ आहेत. शेल्फवर काम नाही. मोजणीला अभियंता नाही. मागणीचा अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. पोच नसली की १५ दिवसांची मुदत सुरू होत नाही आणि मुदत सुरू झाली नाही की भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पुढे पुढे तर हमीच्या नावाने गोळा झालेला पैसा शिल्लक पडू लागला आणि योजना मजुराकडून जमीनधारकाकडे सरकली : जवाहर विहिरी, फळबागा, वैयक्तिक लाभ. विहिरी वाईट नाहीत. पण विहिरीच्या मालकाला लाभार्थी आणि खोदणाऱ्याला नुसता खर्चाचा एक रकाना मानणे, हा दृष्टिकोन वाईट आहे.

मानवतचा विचार करताना एक विसंगती डोळ्यांत भरते. जायकवाडीचा डावा कालवा या जिल्ह्यातून जातो. जमीन काळी, कसदार. कापसाची मोठी बाजारपेठ. असा मुलूख गरीब का असावा? याचे उत्तर जमिनीत नसून कामाच्या दिवसांत आहे. कापूस आणि सोयाबीन यांच्या हंगामात हात अपुरे पडतात; संक्रांतीनंतर पुन्हा मृगापर्यंत तेच हात रिकामे असतात. मग बिऱ्हाड गाडीत घालून ऊसतोडीला जावे लागते, मुकादमाची उचल अंगावर घ्यावी लागते, पोरांची शाळा सुटते. रोजगार हमीचे खरे सामर्थ्य या रिकाम्या महिन्यांत आहे, आणि ते केवळ मिळणाऱ्या मजुरीत नाही. गावात सरकारी काम चालू असले की मालकाला आणि मुकादमाला भाव वाढवून द्यावा लागतो. म्हणूनच मोठ्या बागायतदारांची या योजनेविषयीची तक्रार १९७० च्या दशकात होती, तीच आजही आहे : मजूर मिळत नाहीत. नव्या कायद्यात पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे, ती या तक्रारीचाच कायदेशीर अवतार आहे. ज्या दिवसांत मजुराला चार पैसे अधिक मागता आले असते, नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या पाठीमागचा आधार काढून घ्यावयाचा. लहान शेतकऱ्याची अडचण खोटी नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याच्याही शेतमालाला भाव मिळत नाही, म्हणून तो मजुरी देऊ शकत नाही. परंतु त्याचा उपाय कापसाच्या भावात शोधावा. वेचणाऱ्या बाईच्या ओच्यात शोधू नये.

कामे कोणती मागावी, याविषयीही आमच्या निवेदनांत फार ढिसाळपणा असतो. 'रस्ता व्हावा' एवढे लिहिले की पुढे ठेकेदार, जेसीबी आणि डांबर आलेच. काळ्या मातीच्या शिवारात पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतते. पाणंद रस्ते, चर, नाला खोलीकरण, खरडलेल्या रानांत माती भरणे, बांधबंदिस्ती ही येथली खरी निकड आहे आणि यात मजुरीचा वाटा मोठा ठेवता येतो. खर्चाचे ६० टक्के मजुरीवर, हे महाराष्ट्राच्या योजनेचे जुने प्रमाण होते. ते आग्रहाने धरले पाहिजे. मोजमापाचा प्रश्नही असाच. उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी झालेली काळी जमीन खणायला किती घाम लागतो, हे दरपत्रकाला ठाऊक नसते; टेप लावणाऱ्याला फक्त घनमीटर दिसतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता, पण मोजमाप कमी भरले की हातात त्याहूनही कमी पडते. जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर दिवसातून दोनदा छायाचित्र काढून हजेरी घेण्याची सक्ती झाली. ज्या शिवारात फोनला रेंज नाही तेथे राबलेला दिवस राबूनही गैरहजेरीत जातो.

आणखी एक मुद्दा, ज्याकडे पक्षानेही फारसे लक्ष दिलेले नाही. महाराष्ट्राची मूळ हमी ग्रामीण भागाबरोबर 'क' वर्ग नगरपालिकांच्या क्षेत्रालाही लागू होती. केंद्राच्या कायद्याने ती निव्वळ ग्रामीण झाली. मानवतसारख्या बाजाराच्या गावी जिनिंगचा हंगाम सरल्यावर हमाल, वेचणीवाल्या बाया, मापाडी यांच्या हाताला काम नसते. पण ते नगरपरिषदेच्या हद्दीत राहतात, एवढ्याच कारणाने कायद्याच्या लेखी ते बेकार ठरत नाहीत.

तेव्हा मागणी दिल्लीकडे तर आहेच, पण पहिली मागणी मुंबईकडे आहे. केंद्राचा कायदा आल्यावरही महाराष्ट्राने आपला कायदा ठेवला आणि शंभर दिवसांपलीकडच्या कामाची जबाबदारी राज्याची मानली. ती जबाबदारी आता सव्वाशे दिवसांच्या कुंपणात अडकता कामा नये. केंद्राचे वाटप संपले म्हणून एकाही मजुराचा अर्ज परत जाता कामा नये. पैसा नाही, हे उत्तर येईल. व्यवसाय कराची घटनात्मक कमाल मर्यादा वर्षाला २५०० रुपये आहे आणि ती १९८८ पासून तशीच आहे. त्या वर्षीच्या पगारांची आजच्या पगारांशी तुलना ज्याने त्याने करावी. ही मर्यादा वाढवून घेण्यासाठी राज्याने संसदेकडे कधी नेट लावला? 'निधी द्यावा' असे म्हणणाऱ्या निवेदनाने निधी कोठून यावा हेही सांगितले पाहिजे. तरच ते राजकीय निवेदन होते.

तालुक्यातल्या कार्यकर्त्यांपुढचे काम याहून साधे आणि कंटाळवाणे आहे. सामुदायिक निवेदनावर ३०० अंगठे घेऊन छायाचित्र काढण्यापेक्षा ३०० मजुरांचे कामाच्या मागणीचे ३०० स्वतंत्र अर्ज भरून घ्यावेत, ते ग्रामपंचायतीत द्यावेत आणि प्रत्येकावर तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नये. ग्रामसेवक नाही म्हणाला तर अर्ज रजिस्टर टपालाने तहसीलदारांकडे पाठवावा. नव्या कायद्यात कामे ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून निघावयाची आहेत. आराखड्याच्या ग्रामसभेला मजूर बाया हजर नसतील तर पाणंदीऐवजी कमान मंजूर होईल. गावाचे नाव, अर्जाची तारीख, काम मिळाल्याची तारीख, मजुरी हाती पडल्याची तारीख, अशा चार रकान्यांची एक वही प्रत्येक शाखेने ठेवावी. जिल्हा समितीच्या पुढच्या बैठकीला भाषणाची टिपणे आणली नाहीत तरी चालेल, वही आणावी.