पुष्पवृष्टी झाली, पदोन्नतीचे काय?

३ मे २०२० रोजी सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरांनी देशभरातील रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. ती कृतज्ञता खरीच होती. परंतु फुले कोमेजल्यावर परिचारिकेच्या पदरात काय उरले, हे विचारण्याची तसदी कितीजणांनी घेतली?

शासकीय सेवेत अधिपरिचारिका म्हणून रुजू झालेल्या भगिनीपुढे परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका अशी शिडी कागदावर आहे. मात्र वरची पदे मोजकी, तीही कुणी निवृत्त झाल्यावरच रिकामी होणारी. शिवाय या शिडीची प्रत्येक पायरी तिला रुग्णापासून दूर आणि नोंदवह्यांच्या जवळ नेते. अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षे मुरलेल्या परिचारिकेला मोठे व्हायचे असेल, तर नेमके तिचे कौशल्यच बाजूला ठेवावे लागते! डॉक्टर अनुभवाने तज्ज्ञ ठरतो. परिचारिका मात्र केवळ ‘जुनी’ होते. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षतेतील ‘नर्स प्रॅक्टिशनर’ अभ्यासक्रम आखला खरा. पण रुग्णालयात तशी पदेच नसतील, तर ती पदवी भिंतीवर टांगायची काय?

खाजगी रुग्णालयांत तर शिडीच्या आधी पोटाचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशावरून नेमलेल्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांनी शासकीय परिचारिकांइतके आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांनीही किमान वीस हजार रुपये वेतन द्यावे, असे सुचविले. पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा नवा कायदाही प्रामुख्याने शिक्षण व नोंदणी यांचे नियमन करतो. बढतीचे कोडे त्याने सुटत नाही.

यावर ‘परिचर्या ही सेवा आहे’ असे साळसूद उत्तर मिळते. १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी परिचर्येच्या शिक्षणाची वाट स्त्रियांना मोकळी करून दिली. तेथे सेवा म्हणजे शिक्षण आणि स्वावलंबन होते, स्वस्त मजुरी नव्हे.

आपल्या लेकी परदेशी रुग्णालयांत का जातात, याचा खेद करण्यापूर्वी रुग्णशय्येजवळ राहूनही वर चढता येईल, अशी पदे येथे निर्माण करा. उच्च शिक्षणासाठी पगारी रजा द्या, अनुभवाला वेतनश्रेणी द्या. देवी म्हणून पूजण्यापेक्षा तज्ज्ञ म्हणून मान देणे अधिक खर्चाचे आहे. आणि म्हणूनच तो खरा सन्मान आहे.