दोरी घाल, गाडी सोड

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात टायरच्या दुकानांत काम करणाऱ्या आपल्या वाचकांची या महिन्यात बरीच पत्रे आली. सगळ्यांची तक्रार एकच: टायर रिमवरून उतरवू देत नाहीत. गिऱ्हाईक एसी चालू ठेवून गाडीतच बसून राहते आणि मालक काउंटरवरून ओरडतो, "दोरी घाल, गाडी सोड." खेड, चिपळूण, रत्नागिरीहून आखातात गेलेली ही पोरे गावाकडे बफिंग, सोल्यूशन, मशरूम (आतून बसवायचा प्लग-पॅच) सगळे शिकून गेली आहेत. तिथे त्यांच्या हातात टोचा आणि बाहेरून भोकात कोंबायची दोरी, एवढेच.

मालकांची अडचणही या पत्रांतून कळते. 2021 च्या आदेशानुसार कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावरचे काम बंद असते. ऊन, दमटपणा, वारा हे सगळे धरून काढलेला उष्णतेचा निर्देशांक 32.1 अंशांपुढे गेला, तर कोणत्याही वेळी काम थांबवायचे. त्यामुळे साडेतीननंतर दुकानापुढे रांग लागते. दोरीला पाच मिनिटे पुरतात, मशरूमला अर्धा तास जातो. नियम कामगाराच्या जिवासाठी आहे आणि तो योग्यच आहे. पण रांग लांबली म्हणून गिऱ्हाइकाचा जीव दोरीवर टांगायचा, हा कुठला न्याय?

शुक्रवारी संध्याकाळची गाडी घ्या. सीलाइनच्या वाळूत फिरवायला हवा पंधरा पीएसआयपर्यंत उतरवलेली लँड क्रूझर. परतताना हवा भरायचा कंटाळा, तशीच मेसाईदच्या डांबरी रस्त्याला लागली आणि खिळा घेऊन दुकानात आली. बाहेरून पाहाल तर खिळा ट्रेडच्या मधोमध, भोक तीन मिलिमीटरचे, दुरुस्तीला अगदी सोपे. टायर उतरवा, की आत काळ्या रबराचा भुगा सापडतो आणि साइडवॉलला आतून घासल्याचे कडे दिसते. हा टायर भंगारात जायला हवा. दोरीवाल्याला ते दिसणारच नाही, कारण त्याने आत पाहिलेलेच नाही. तो हवा 35 करून देतो आणि तीच गाडी पुढे 120 च्या वेगाने पळते.

आत काही बिघाड नसला तरी दोरी लाइनर सील करत नाही. टोच्याने पट्ट्याच्या तारा आणखी उघड्या पडतात, हवेबरोबर ओल आत शिरते, तारा गंजतात आणि पुढे ट्रेड सुटतो. अमेरिकेतील टायर उत्पादकांची संघटना नुसता प्लग किंवा नुसता पॅच यांना दुरुस्तीच मानत नाही. ब्रिटनचे बीएस एयू 159 हे मानक मोटारीच्या ट्रेडचा मधला तीन चतुर्थांश भाग आणि 6 मिलिमीटरपर्यंतचे भोक, एवढीच मुभा देते. यातले आपल्या वाचकांना नवे काही नाही. नवे म्हणाल तर एवढेच, की ठाऊक असूनही आपण दोरी घालतो.

आता सरकारी कारभार पाहा. कतारमध्ये इस्तिमारा (गाडीचा नोंदणी परवाना) नवा करताना होणाऱ्या तपासणीत टायरची झीज दिसते, चिरा दिसतात, तारीख वाचता येते. टायर कोणी उतरवत नाही. म्हणजे आत तीन दोऱ्या असलेला टायर पास. आपल्याकडे तरी वेगळे काय? 2023 मध्ये परिवहन खात्याने समृद्धी महामार्गावर झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवल्या. चांगले केले, पण पाहिले ते बाहेरूनच. त्याआधी मोटार वाहन नियमांतील 2020 च्या दुरुस्तीने ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी टीपीएमएस यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती उरली नाही. किट म्हणजे सीलंट आणि प्लग, दुकानापर्यंत पोचण्याची सोय. ती सोय नियमात आली. दुकानात पोचल्यावर काय करायचे, ते मात्र आले नाही. साहेबांना दोरी आणि मशरूम यांतला फरक ठाऊक नाही, आणि तो सांगायला आपल्यातलेही कोणी त्यांच्या दारात गेले नाही.

दोह्यातील वाचकांनी आणखी काही विचारले आहे, त्याचे उत्तर थोडक्यात. गाडी तापून आली असेल तर वाढलेली हवा सोडू नका. टायर थंड झाल्यावरच दाब पाहा. सोल्यूशनचा डबा उघडा ठेवू नका; घट्ट झाले तर फेकून द्या, त्यात पेट्रोल ओतू नका. लावलेले सोल्यूशन आपोआप सुकू द्या. लायटर नको आणि धूळ उडवणारा पंखाही नको. ऑगस्टच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सोडा, नाहीतर बफ केलेल्या लाइनरवर तुम्हीच ओल फवाराल. भोक तिरके असेल तर एकसंध मशरूम नको; आधी भोक भरा, मग पॅच लावा. शेवटी बॅलन्सिंग, आणि नट टॉर्क पान्ह्यानेच आवळा.

आणि मालकहो, आता तुमच्याशी. गिऱ्हाईक घाई करते असे तुम्ही म्हणता, पण उतरवलेला टायर एकदा तरी त्याला आतून दाखवलात का? ज्याने तो काळा भुगा डोळ्यांनी पाहिला, तो दुसऱ्यांदा दोरी मागणार नाही. दोरी घालायचीच वेळ आली तर बिलावर ‘तात्पुरती’ असे लिहा आणि पुन्हा यायची तारीख टाका. मशरूमचे जास्त पैसे उघडपणे मागा. अर्धा तास राबणाऱ्याने ते मागताना लाजू नये. कारागिरांनी बिनधास्त नाही म्हणावे, असे आम्ही इथे बसून सांगणार नाही. परदेशातली नोकरी आणि व्हिसा काय असतो ते आम्ही जाणतो. म्हणूनच हे ओझे मालकाने उचलायचे आहे. दोह्यात असो वा चिपळुणात, ज्या दुकानाच्या बिलावर ‘टायर उतरवून, आतून तपासून’ असे छापलेले असेल, त्याने बिलाची प्रत पाठवावी. त्या दुकानाचे नाव या मासिकात फुकट छापू.